हेडफोन काढला तरी कान वाजतात

प्रश्न : माझं वय २९. पुण्यात एका आयटी कंपनीत क्लायंट सपोर्टला आहे. रोज पाच-साडेपाच तास हेडसेट लावून कॉल चालतात. येता-जाता बसमध्ये पाऊण-पाऊण तास इअरबड्सवर गाणी, आणि रात्री झोपण्याआधी तासभर सिरीज. गेले तीन आठवडे अंथरुणाला पाठ टेकली की दोन्ही कानांत बारीक 'कुईं' असा आवाज येतो. दिवसा जाणवत नाही. ऐकू नीट येतं, चक्कर नाही, कान दुखत नाहीत. मोबाइलचा आवाज मी कधीच ६० टक्क्यांच्या वर नेत नाही, मग हे झालं कसं? आई म्हणते लसणाचं तेल घाल, मैत्रिणीने जिंकगो या झाडाच्या अर्काच्या गोळ्या सांगितल्या. 'याला उपायच नाही' असं नेटवर वाचल्यापासून होती ती झोपही गेली. पुढच्या महिन्यात आमच्या ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू होतोय. जाऊ की नको?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रात दिलासा देणाऱ्या तीन गोष्टी आहेत. आवाज दोन्ही कानांत आहे, ऐकू नीट येतंय आणि चक्कर नाही. त्यामुळे धावपळ नको. येत्या आठ-दहा दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा कान दाखवा, तेवढं पुरे.

हेच पत्र कुणी 'काल सकाळी उठलो तर एका कानाने ऐकू येईना आणि तो कान वाजतोय' असं लिहिलं असतं, तर उत्तराची वाटही न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा, असं सांगावं लागलं असतं. अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल तितका उपयोगी पडतो. दोन आठवडे उलटले की त्यातून फार काही हाती लागत नाही. आणि लोक नेमके तेच दोन आठवडे 'सर्दीने दडे बसले असतील' म्हणत घालवतात. एकाच कानात सतत येणारा आवाज, नाडीच्या ठोक्याबरोबर होणारी धपधप, सोबत भोवळ, कानातून पाणी किंवा पू, डोक्याला मार लागल्यावर सुरू झालेला आवाज, यांपैकी काही असेल तरी तपासणी लांबवू नये. तोंड एका बाजूला वाकलं असेल तर तडक रुग्णालय.

आता तुमच्या आवाजाकडे. आतल्या कानात शंखासारखी, जेमतेम अडीच वेढ्यांची नळी असते. तिच्यात एका कानाला साधारण साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मज्जातंतूमार्फत मेंदूला वर्दी देतात. मोठ्या आवाजापुढे त्या थकतात. डीजेसमोरून घरी आल्यावर कान बधिर होऊन वाजतात आणि एक-दोन दिवसांत ठीक होतात, तो हाच थकवा. केसपेशी एकदा मेली की माणसात पुन्हा उगवत नाही.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांनी उंदरांची ऐकण्याची चाचणी पूर्ववत आली, केसपेशीही जागच्या जागी होत्या. पण केसपेशी आणि मज्जातंतू जिथे जोडलेले असतात ते जोड काही भागात निम्म्यापर्यंत कायमचे गेले होते. म्हणून 'दोन दिवसांत बरं वाटलं, म्हणजे काही झालं नाही' या भरवशावर दर आठवड्याला कान पणाला लावू नयेत.

कानाकडून येणारी वर्दी जरा जरी क्षीण झाली, की मेंदू आपल्या बाजूने बटण पिरगाळतो. जुन्या रेडिओवर स्टेशन नीट लागेना म्हणून आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसं. ही खरखर म्हणजे तुमचा 'कुईं'. दिवसा ती कीबोर्ड, रिक्षा, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या यांच्याखाली दबलेली असते. रात्री तिच्यावर पांघरूण घालायला काही उरत नाही. रात्री ती वाढते असं नव्हे, खोली शांत होते.

जवळपास सगळ्यांच्याच कानात असं काही ना काही असतं. १९५३ मध्ये अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी ऐकण्याची तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी गुणगुण, शिट्टी, रातकिडे असले आवाज लिहून दिले. खोलीत तसला एकही आवाज नव्हता. तेव्हा दोन्ही कानांत बोटं घालून 'अजून येतोय का' हे पाहायची सवय लागली असेल तर ती आजच सोडा. त्या परीक्षेत कुणीच पास होत नाही.

आणि ते ६० टक्के? हा आकडा खूप लोक सांगतात आणि त्याला फारसा अर्थ नाही. मोबाइलवरची पट्टी डेसिबल मोजत नाही. त्याच ६० टक्क्यांवर एक इअरफोन ७५ डेसिबल देईल, तर जास्त संवेदनशील असलेला दुसरा ८८ देईल. काही ब्लूटूथ जोड्यांमध्ये फोनचा आणि इअरबडचा आवाज वेगवेगळा चालतो. फोनवर ६० दिसतं आणि बडवर टिचक्या मारून तो केव्हाच १०० वर नेलेला असतो. एकदा गाणं लावून बडवरून आवाज कमी-जास्त करा आणि फोनच्या पडद्यावरची पट्टी सोबत हलते का बघा. हलत नसेल तर तुमच्याकडे दोन नळ आहेत, आणि तुम्ही एकाकडेच पाहत होतात.

मोजायची गोष्ट म्हणजे आठवड्याचा एकूण मारा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सुचवली आहे, लहान मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास. पातळी ३ डेसिबलने वाढली की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच तास. ९५ ला सव्वा तास आणि १०० ला अवघी २० मिनिटं, तीही आख्ख्या आठवड्याची.

तुमचा आठवडा या मापाने मांडून बघू. समजा कॉल सरासरी ८० डेसिबलवर चालतात. साडेपाच तास गुणिले पाच दिवस म्हणजे २७.५ तास, म्हणजे कोट्यातले ६९ टक्के. बसमध्ये इंजिनाच्या घरघरीवर मात करायची म्हणून गाणी आपसूक चढतात. समजा ८६. रोज दीड तास, आठवड्याला साडेसात तास. ८६ चा कोटा १० तासांचा, म्हणजे ७५ टक्के गेले. रात्रीची सिरीज शांत खोलीत, समजा ७७ वर. तिचा कोटा ८० तासांचा, सात तासांत जेमतेम ९ टक्के. बेरीज १५३. तुम्हाला दोषी वाटत असेल ती रात्रीची सिरीज, किंवा ऑफिसचे लांबलचक कॉल. प्रत्यक्षात बसमधले साडेसात तास ऑफिसच्या साडेसत्तावीस तासांपेक्षा जास्त खातात.

बसचा आवाज ८६ वरून ८० वर आणला की ७५ चे १९ टक्के होतात. कॉल ८० वरून ७७ वर आणले की ६९ चे ३४. सिरीज आहे तशी राहू द्या. बेरीज ६२. एक मिनिटही कमी ऐकलेलं नाही.

हे आकडे गृहीत धरलेले आहेत. तुमचे खरे आकडे फोन सांगू शकतो. आयफोन असेल तर हेल्थ ॲपमध्ये हिअरिंगखाली 'हेडफोन ऑडिओ लेव्हल्स' असतात. ॲपलच्या स्वतःच्या हेडफोनसाठी ते भरवशाचे, इतर कंपन्यांसाठी अंदाज. सेटिंग्जमध्ये साउंड्स अँड हॅप्टिक्स, त्यात हेडफोन सेफ्टी, तिथे मोठे आवाज कमी करण्याची पट्टी आहे. ती ८० वर लावून टाका. सॅमसंगमध्ये साउंड्स अँड व्हायब्रेशन, मग व्हॉल्यूम, वरचे तीन ठिपके, मीडिया व्हॉल्यूम लिमिट. इतर अँड्रॉइडवर असं काही मिळालं नाही तर साधी युक्ती : रात्री शांत खोलीत गाणं शून्यापासून चढवत न्या, शब्द स्वच्छ कळले की थांबा आणि तो आकडा लक्षात ठेवा. बसमध्येही तोच आकडा. तेवढ्यात ऐकू येत नसेल तर तिथे ऐकायचं नाही, किंवा बाहेरचा गोंगाट अडवणारं साधन वापरायचं.

त्या साधनाबद्दल जरा सविस्तर, कारण इथे पैसे वाया जातात. खोक्यावर 'नॉइज कॅन्सलिंग' लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात ईएनसी असेल तर ते माइकसाठी आहे. तुमच्याकडचा गोंगाट समोरच्याला ऐकू जाऊ नये म्हणून. तुमच्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. तुम्हाला हवं ते एएनसी. त्यात बाहेरची घरघर माइकने टिपून तिच्या उलट लाट सोडतात. बस, लोकल, विमान यांचा खालच्या पट्टीतला सततचा आवाज त्याने चांगला दबतो. माणसांची बडबड आणि हॉर्न तेवढे दबत नाहीत. एएनसी लावूनही आवाज पूर्वीच्याच आकड्यावर ठेवला तर कान वाचत नाही. फायदा आहे तो आवाज खाली आणण्यात.

दुसरी गफलत सिलिकॉनच्या टोप्यांची. खोक्यात तीन मापं येतात आणि बहुतेक लोक बडला आधीच लावलेलं मधलं माप जन्मभर वापरतात. टोपी सैल असली की फटीतून पहिल्यांदा बास निसटतो. गाणं पिचकं लागतं आणि हात आवाजाकडे जातो. गाणं न लावता बड घाला. बसची घरघर ठळकपणे खाली गेली तर माप बरोबर. दोन कानांना दोन वेगळी मापं लागली तरी नवल नाही. एका बडची जाळी मळाने चोंदली तर ती बाजू मंद होते आणि आपण दोन्हींचा आवाज चढवतो. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडायची, पिन घालायची नाही. एकच बड लावून ऐकणंही टाळा. दोन्ही कान मिळून जो आवाज पुरेसा वाटतो तो एका कानाला अपुरा वाटतो, आणि पुन्हा पट्टी वर.

ऑफिसच्या कॉलची तऱ्हा निराळी. तिथे सरासरीपेक्षा चढउताराचा त्रास. एकजण विहिरीतून बोलल्यासारखा, म्हणून तुम्ही आवाज वाढवता. पुढचा माइक तोंडात घेऊन बोलतो आणि कानठळ्या बसतात. मंद माणसासाठी आवाज वाढवण्याऐवजी त्याला माइक जवळ घ्यायला सांगा, आणि लाइव्ह कॅप्शन सुरू ठेवा. अर्धे शब्द वाचून कळले की पट्टी खालीच राहते. विंडोजमध्ये हेडसेटच्या एन्हान्समेंट्सखाली 'लाउडनेस इक्वलायझेशन' दिसत असेल तर सुरू करून बघा, मंद आणि मोठे आवाज त्याने एका पातळीला येतात. सगळ्या ड्रायव्हरमध्ये ते मिळत नाही. चॅटचे आणि मेलचे टिंगटिंग आवाज हेडसेटवरून सरळ बंद करा. आणि कॉल जोडला गेल्यावर हेडसेट डोक्यावर चढवा, म्हणजे जोडणीचा तो पहिला कर्कश बीप कानात जात नाही.

पुढचे दोन आठवडे कानात घालायचे बड पूर्ण बंद ठेवा. बसमध्ये खिडकी, सिरीज लॅपटॉपच्या स्पीकरवर. घरून काम असेल त्या दिवशी कॉलही स्पीकरवर, ऑफिसात कानावर बसणारा हेडसेट वर सांगितलेल्या पातळीवर, दर तासाला पाच-दहा मिनिटं काढून. तिसऱ्या आठवड्यापासून बड परत आणा, तेही रोज अर्ध्या तासापासून. या काळात 'कुईं'ला रोज गुण देत बसू नका. आठवड्यातून एकदा, समजा रविवारी सकाळी, त्रास शून्य ते दहामध्ये किती ते कॅलेंडरवर लिहा. लिहायचा तो त्रास, आवाज किती मोठा आहे ते नव्हे. आवाज तेवढाच आणि त्रास सातवरून तिनावर, असंच बहुतेकांचं होतं.

मात्र विश्रांती म्हणजे कापूस कोंबून बसणं नव्हे. पत्रं येतात त्यांत ही चूक हमखास दिसते. घाबरून माणूस घरातही इअरप्लग लावतो, मिक्सरला दचकतो, आणि महिन्याभरात स्टीलचं ताट ठेवल्याचा आवाजही सहन होईनासा होतो. कानाला मिळणारा आवाज जितका कमी, तितकं मेंदू ते रेडिओचं बटण वर नेतो. घरातले, रस्त्यावरचे रोजचे आवाज तुमच्या कानाला हवे आहेत.

रात्रीसाठी हेच सूत्र. खोलीत एकसुरी, मंद आवाज ठेवा. छताचा पंखा एक-दोनवर हा सगळ्यात स्वस्त उपाय. थंडीत टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावा. (हल्लीचे वीज वाचवणारे बीएलडीसी पंखे इतके गप्प असतात की ते या कामाला फारसे उपयोगी नाहीत.) पंखा नको असेल तर पावसाचं रेकॉर्डिंग फोनच्या स्पीकरवर, फोन उशीपासून तीन-चार फूट लांब. उशाखाली नाही आणि बड घालून तर नाहीच. पातळी अशी ठेवा की पावसाच्या आत तुमचा 'कुईं' अंधूक ऐकू येत राहील. तो पूर्ण झाकायचा नाही. झाकून टाकलेल्या आवाजाची मेंदूला सवय होत नाही. घड्याळाची टिकटिक, फ्रिजची घरघर आपण ऐकेनासे होतो ते ती कानावर पडत असते म्हणूनच. अर्ध्या तासाचा टायमर लावू नका. पहाटे तीनला झोप पातळ झाली की शांतता पुन्हा समोर उभी राहते. रात्रभर चालू द्या.

तानपुऱ्याचं ॲप लावावं का, असं गाणं शिकणारे विचारतात. लावा, पण कान सुरात तयार असेल तर मन 'कुईं' कोणत्या पट्टीत आहे ते जुळवायला लागतं, आणि झोप राहते बाजूला. अशांनी पाऊसच बरा.

चहा-कॉफीने कान जास्त वाजतात असं सर्रास सांगतात. त्याला भक्कम आधार नाही, आणि रोज चार कप पिणाऱ्याने एकदम सोडला तर दोन दिवस डोकेदुखी आणि चिडचिड पदरी येते. संध्याकाळी पाचनंतरचा तेवढा बंद करा, तोही झोपेसाठी.

आईंच्या लसणाच्या तेलाला प्रेमाने नकार द्या. तेल पडद्याच्या बाहेर राहतं, बिघाड असतो पडद्यापलीकडे शंखात. तिथवर ते पोचतच नाही. कोमट म्हणता म्हणता ते जास्त तापलेलं असतं आणि कानाच्या बाहेरच्या नळीची नाजूक कातडी भाजते. पडद्याला भोक असेल तर आत जंतुसंसर्ग. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे कानात बुरशी धरण्याचं प्रमाण वाढतं, आणि आधीच बडखाली घामेजलेल्या कानात तेल म्हणजे तिला खतपाणी. खाज, दडा आणि कान वाजणं अशी तिन्ही लक्षणं ती देते. इअरबड्स एकमेकांना वापरायला देऊ नयेत तेही यासाठीच.

गोळ्यांबद्दल : अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये कान वाजण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सहा महिन्यांहून जुन्या, त्रासदायक आवाजासाठीसुद्धा जिंकगो, मेलाटोनिन, झिंक आणि इतर पूरक गोळ्या देऊ नयेत असं म्हटलं आहे. ज्याची शिफारस आहे ते म्हणजे विचारांवर आणि सवयींवर काम करणारं समुपदेशन, ज्याला सीबीटी म्हणतात. आपल्याकडे बीटाहिस्टीनही सढळ हाताने लिहून देतात. ते चक्कर असलेल्या विशिष्ट आजारात वापरतात. नुसता कान वाजण्यावर ते साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलेलं नाही. रक्त पातळ करणारं औषध कुणी घेत असेल तर जिंकगोने रक्तस्रावाचा धोकाही वाढू शकतो. गोळ्यांवर जायचे पैसे श्रवणचाचणीवर घाला.

त्या चाचणीची तयारी असते, आणि ती क्वचितच कुणी सांगतं. आदला दिवस, निदान १४ ते १६ तास, हेडफोन आणि गोंगाट बंद. आदल्या रात्री हळदीला नाचून सकाळी चाचणी दिली तर तात्पुरता थकवाच कागदावर उतरतो. आधी डॉक्टर दुर्बिणीतून कान पाहतील. बड घालणाऱ्यांचा मळ आत ढकलला जातो आणि तोच कधी कधी सगळ्या तक्रारीचं मूळ निघतो. मळ असेल तर तो काढल्यावरच चाचणी. घरी कानकोरणं किंवा कापसाची काडी घालून तो काढायला जाऊ नका, आणखी आत जातो. मग ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत, आणि मधल्या कानासाठी टिम्पॅनोमेट्री. ऑडिओग्रामवर रेषा २० डेसिबलच्या आत असेल तर ऐकणं ठीक. तुम्ही नजर ठेवायची ती ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यावर. आवाजाने झालेलं नुकसान तिथे खाच पाडतं, बहुतेकदा ४००० ला, आणि ८००० ला रेषा पुन्हा वर येते. कानाची नळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांबीची असल्याने ती ३००० हर्ट्झच्या जवळचे आवाज फुगवून आत पाठवते, आणि मार त्याच्या किंचित वरच्या पट्टीत बसतो. रेषा सगळीकडे सरळ आली तरी आनंदाने फाइल फेकून देऊ नका. दोन वर्षांनी तुलनेला तीच उपयोगी पडेल. दोन्ही कानांत सारखा आवाज आणि ऐकणं ठीक असताना एमआरआयची गरज नसते.

ससूनसारख्या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग असतो. मुंबईकर वाचकांसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था खास श्रवण आणि वाचेच्याच कामाची आहे. डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी न्या. ॲस्पिरिनचे मोठे डोस, बराच काळ घेतलेली वेदनाशामकं, मलेरियासाठीचं क्विनाइन, ॲमिकासिन-जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं यांनीही कान वाजतात. स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नये. दात घट्ट आवळल्यावर किंवा मान वळवल्यावर 'कुईं'ची पट्टी बदलते का तेही बघून ठेवा. बदलत असेल तर जबडा किंवा मानेचे स्नायू त्यात हात धुऊन घेतायत, आणि त्यावर व्यायामाने फरक पडतो. थकवा, धाप असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.

'याला उपायच नाही' हे वाक्य अर्धवट आहे. आवाज मिटवणारी गोळी नाही, हे खरं. पण तुमच्यासारखा सौम्य आवाज असलेल्या बहुतेकांना काही आठवड्यांत-महिन्यांत तो एक तर जाणवेनासा होतो किंवा जाणवला तरी झोप मोडत नाही, आणि त्याचं कारण वर सांगितलेली मेंदूची सवय. भीती त्या सवयीच्या आड येते. ज्या आवाजाला मेंदू धोका समजतो त्याच्याकडे तो कान लावून बसतो. तीन महिन्यांनीही झोप किंवा काम बिघडत असेल तर सीबीटी करणारा समुपदेशक शोधा. मन फारच खचलं, जगणं नकोसं वाटलं, तर त्याच क्षणी १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक लावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

राहिला ढोल. सराव महिन्याभरावर आहे, म्हणजे विश्रांतीचे दोन आठवडे आणि चाचणी त्याआधी सहज होईल. चाचणीत खाच निघाली नाही आणि 'कुईं' वाढलेला नसेल तर जा, पण उघड्या कानांनी एक दिवसही नाही. पथकाच्या मध्यभागी आवाज १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो. म्हणजे नुसत्या गजरातच तुमची आठवड्याची २० मिनिटं संपतात. कापसाच्या बोळ्याने जेमतेम पाच-सात डेसिबल अडतात. फोमचे प्लग घ्या. पाकिटावर तीसच्या आसपासचा आकडा असतो तो प्रयोगशाळेतला. नीट घातला तर प्रत्यक्षात २० धरा, वरवर खोचला तर त्याच्या निम्मेही नाहीत. घालायची रीत : कोरड्या, स्वच्छ बोटांनी प्लग वळून बारीक सुरळी करा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, सुरळी आत सरकवा आणि बोटाने तीसेक सेकंद दाबून धरा, ती फुगेपर्यंत. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला की बसला. फोममध्ये ताशाचे बोल पुसट होतात असं वाटलं तर वादकांसाठीचे प्लग मिळतात. ते सगळ्या पट्ट्या सारख्याच, १५ ते २० डेसिबलने खाली आणतात.

समजा पथकात १०५ डेसिबल आहेत. प्लगने त्यातून २० गेले की कानाशी ८५ राहतात. त्याचा आठवड्याचा कोटा साडेबारा तास. रोज दोन तास, आठवड्याला सहा दिवस सराव म्हणजे १२ तास, म्हणजे कोटा जवळपास संपला. सरावाच्या महिन्यांत बसमधली गाणी बंद, यावर वाटाघाट नाही. मोजून बघायचं असेल तर अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेचं साउंड लेव्हल मीटर ॲप आयफोनवर मोफत आहे. पथकात एकाने मोजलं तरी सगळ्यांना उपयोग होईल. ताशाचा आवाज ढोलापेक्षा बारीक आणि टोकदार, कानाला जास्त झोंबणारा, तेव्हा ताशाच्या रांगेला लागून उभं राहायचं टाळा. सराव नदीपात्रात मोकळ्यावर असेल तर उत्तम. पुलाखाली असेल तर जागा बदलायचा आग्रह धरा, वरून आणि बाजूंनी आवाज परत येतो. सरावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर 'कुईं' नेहमीपेक्षा मोठा असेल, तर त्या दिवशी ढोल कमरेला बांधायचा नाही. ध्वज धरा, तोही लांबून, प्लग घालूनच.